पंचवीस मिलिमीटरचं नाणं नेमकं किती रुपयांचं?

घरात चिल्लरचा डबा असेल तर एक काम करा. डबा उपडा करा आणि एकावर एक ठेवून बरोब्बर सारख्या मापाची नाणी वेगळी काढा, पट्टी लागत नाही, कुठलं नाणं बाहेर येतंय ते बोटालाच कळतं. मी गेल्या रविवारी केलं हे (घरच्यांनी वेड्यात काढलं, ते असो) आणि माझ्याकडे 25 मिलिमीटरची एक थप्पी तयार झाली ज्यात तीन वेगवेगळ्या किमतीची नाणी होती. एक म्हणजे 1992 पासूनचं स्टीलचं रुपयाचं नाणं. दुसरं 2011 नंतरचं दोन रुपयाचं, रुपयाचं नवीन चिन्ह असलेलं. आणि तिसरं 2019 च्या सिरीजमधलं पाच रुपयाचं, पिवळसर. तिन्ही 25 मिमी. पाचचं निदान जड आहे आणि रंगाने वेगळं आहे, पण पहिल्या दोघांचं वजनसुद्धा सारखंच, 4.85 ग्रॅम, धातूही तोच. म्हणजे रुपयाची चकती जशीच्या तशी उचलली आणि तिच्यावर 2 छापला!

आणि हे एकदाच झालंय असं समजू नका. 22 मिमी आणि 3.79 ग्रॅम हे 1988 पासून आठ आण्याचं माप होतं, 2011 ला ते रुपयाला दिलं. 23 मिमी म्हणजे 1992 चा पाचचा तो जाड ठोकळा, आता 23 मिमीचं नाणं दोन रुपयाचं आहे. 27 मिमी आधी स्टीलच्या दोन रुपयाचं होतं, मग दहाचं झालं आणि आता वीसचंही तेच आहे. यातली सगळी नाणी आज कायद्याने चालतात आणि सगळी एकाच खिशात एकाच वेळी असू शकतात.

आपल्याकडे नाण्यावर चर्चा होते ती चित्रावर. कोणाचा फोटो, कसली जयंती, सिंह कसे दिसतात, हिंदी किती इंग्रजी किती. 2005-06 ला दोन रुपयाच्या नाण्यावर तो चार दिशांना जाणाऱ्या रेघांचा क्रॉस आला तेव्हा तर केवढा धार्मिक वाद झाला होता. सरकार म्हणत होतं की ते विविधतेतल्या एकतेचं चिन्ह आहे, विरोध करणारे म्हणत होते की हा ख्रिश्चन क्रॉस आहे, आणि या गडबडीत एक साधी गोष्ट बाजूलाच राहिली की आधीचं अकरा कोनांचं दोनचं नाणं, जे अंधारात आंधळ्यालाही ओळखू यायचं, ते जाऊन तिथे गोल, पांढरं, रुपयापेक्षा फक्त 2 मिमी मोठं नाणं आलंय.

अंधारात म्हणतोय ते उगाच नाही. आमचं तालुक्याच्या गावी किराणा दुकान, नव्वदच्या दशकात मी शाळेत होतो आणि लोडशेडिंग हे रोजचंच. रात्री दुकान बंद करताना गल्ला मोजायचा असायचा आणि नेमके तेव्हाच लाईट जायचे. वडील मेणबत्ती शोधेपर्यंत मी पेपरवर चिल्लर ओतून ढीग लावून टाकायचो, न बघता. दोनचं नाणं कोनांवरून, पाचचं जाडीवरून, वीस पैसे ॲल्युमिनियमचे षटकोनी आणि हातात पिसासारखे हलके, दहा पैसे कंगोऱ्याचे, पाच पैसे चौकोनी (तेव्हा सुद्धा त्याचं काही येत नव्हतं पण गल्ल्यात यायचे कुठून तरी), चार आणे लहान, आठ आणे त्याहून जरा मोठे, रुपया सगळ्यात ओळखीचा. मेणबत्ती लागली की वडील वरवर बघून मोजायला घ्यायचे, ढिगात चूक क्वचितच निघायची. यात माझी हुशारी काहीच नव्हती, ज्यांनी ती नाणी ठरवली त्यांची होती.

कारण ती परंपरा होती आपल्याकडे. आण्यांच्या काळात एक आणा कंगोऱ्यांचा आणि दोन आणे चौकोनी. 1 एप्रिल 1957 ला दशमान पद्धत आली, सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, लोकांचा गोंधळ होणारच होता, पण तेव्हाही एक नवा पैसा गोल, दोनचा कंगोऱ्यांचा, पाचचा चौकोनी असं करून ठेवलं होतं. 1964 ला तीन पैसे आले ते षटकोनी. ज्या देशात तेव्हा बहुसंख्य लोकांना अक्षरओळख नव्हती त्या देशात नाण्याचा आकार हाच त्याच्यावरचा मजकूर होता, हे त्या वेळच्या लोकांना पक्कं माहीत होतं असं मला वाटतं.

मग 1988 पासून स्टील आलं. फेरिटिक स्टेनलेस स्टील म्हणजे ढोबळमानाने 83 टक्के लोखंड आणि 17 टक्के क्रोमियम, निकेल नाही त्यामुळे स्वस्त, गंजत नाही, झिजत नाही, लोहचुंबकाला चिकटतं. एक एक करून सगळी नाणी स्टीलची झाली आणि होता होता सगळी गोल आणि पांढरी झाली. इथून पुढे एका नाण्याला दुसऱ्यापासून वेगळं करायला फक्त व्यास आणि वजन उरलं, आणि नेमकं तेच आपण दर काही वर्षांनी एका किमतीचं काढून दुसऱ्याला देत सुटलो.

का दिलं हे कळतं. रुपयाचं नाणं 1962 ला निकेलचं, 10 ग्रॅमचं, 28 मिमीचं होतं. 1975 ला 8 ग्रॅम. 1983 ला 6 ग्रॅम. 1992 ला 4.85. 2011 ला 3.79. 2019 ला 3.09 ग्रॅम आणि 20 मिमी. रुपया किती घसरला ते बघायला डॉलरचा भाव कशाला पाहिजे, सोनाराचा काटा पुरे. (इंग्रजांचा रुपया एक तोळ्याचा होता, 11.66 ग्रॅम, बाराव्या हिश्शाचं हीण सोडलं तर सगळी चांदी. 1940 ला युद्धात ती चांदी निम्म्यावर आणली आणि 1947 पर्यंत रुपयातली चांदी संपलीच, निकेलचा झाला. म्हणजे ही घसरण आपल्या सरकारांनीच सुरू केली असं काही नाही.)

धातूचा मुद्दा खोटा नाही, उलट फार खरा आहे. पाचचा जुना ठोकळा घ्या, 9 ग्रॅम, तांबं 75 टक्के आणि निकेल 25 टक्के. म्हणजे पावणेसात ग्रॅम तांबं आणि सव्वादोन ग्रॅम निकेल. तांबं किलोला 800 धरा, निकेल 1400 धरा, हिशोब साडेआठ रुपयांच्या आसपास जातो. पाच रुपयाचं नाणं वितळवलं की साडेआठ रुपये, असं असेल तर ते गल्ल्यात कशाला थांबेल? नाणी वितळवणं 2011 च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे हे बरोबर, पण भंगाराच्या भट्टीत कलम वाचत कोणी बसत नाही. 2007 च्या सुमारास तर आपली नाणी चोरून बांगलादेशात जातात आणि तिथे त्यांची दाढीची ब्लेडं होतात अशा बातम्या होत्या आणि त्याच काळात सुट्ट्यांची बोंब होती हे मला चांगलं आठवतं, आमच्या दुकानात दोन रुपयाऐवजी चॉकलेटं द्यायची पद्धत तेव्हाच सुरू झाली आणि मग गेलीच नाही.

तर धातू बदला, अजिबात हरकत नाही. पण धातू बदलायचा म्हणजे माप बदलायलाच पाहिजे असं कुठे आहे? अमेरिकेने 1965 ला पाव डॉलरच्या नाण्यातली चांदी काढली आणि तांबं-निकेल घातलं, व्यास तोच ठेवला. 1982 ला त्यांच्या एक सेंटातलं तांबं काढून आत जस्त घातलं आणि वर नुसता तांब्याचा मुलामा, वजन कमी झालं पण माप तेच. ब्रिटनने 1992 ला एक आणि दोन पेनीचं ब्राँझ बंद करून मुलामा दिलेलं पोलाद आणलं, व्यास तोच. तिथल्या आजीबाईंना कळलंसुद्धा नसेल. आपल्याकडे पाचच्या नाण्याचं एकदा असं झालं होतं खरं, 2007 ला स्टीलचं आणि 2009 ला पितळी केलं तरी 23 मिमी कायम ठेवलं, म्हणजे जमत नाही असं नाही. जमलेलं सुद्धा 2019 ला मोडलं.

यावर लगेच कोणी म्हणेल की माप तेच ठेवलं तर खर्च वाढेल. 2018 मध्ये माहिती अधिकारात टांकसाळीकडून जे आकडे आले त्यात रुपयाचं नाणं पाडायला 1 रुपया 11 पैसे, दोनचं 1.28, पाचचं 3.69 आणि दहाचं 5.54 असा खर्च होता. रुपयाचं नाणं तोट्यात आहे हे बघून लोक चिडतात, पण नाणं काय एकदा वापरून फेकायचं असतं का? एक रुपया वीस वर्षं फिरतो, हजारो हातांतून जातो, त्याच्यावरचे 11 पैसे हा खर्च नाही म्हणता येणार. आणि उरलेल्या तिन्ही नाण्यांवर सरकारला वरकड सुटतेच. नाणं पाडणं हा सरकारचा धंदा नसावा पण धंदा म्हणून बघितला तरी गल्ला एकूण फायद्यातच आहे.

बरं खर्च वाचवण्यासाठी बारीक केलेल्या नाण्याने ज्यांचा खर्च वाढतो त्यांचं काय. माझ्या ओळखीचे एक काका लोकलमध्ये मोबाईलची कव्हरं आणि चार्जिंगच्या वायरी विकतात, त्यांना अजिबात दिसत नाही. नोटांसाठी रिझर्व्ह बँकेने 2020 ला मणी नावाचं ॲप काढलं, मोबाईल धरला की किती रुपयाची नोट ते बोलून सांगतं, नाण्यासाठी असलं काही नाही. चालत्या गाडीत, गर्दीत, एका हाताने दांडा धरलेला असताना ते नाण्याच्या कडेवरून अंगठा फिरवतात. त्यांना मी विचारलं की जुना रुपया आणि नंतरचा दोनचा कसा ओळखता, तर म्हणाले, ओळखत नाही, विश्वास ठेवतो. मग हसून म्हणाले, दोन्हीला रुपयाच धरतो, परत देताना गिऱ्हाईकच सांगतं काका हे दोनचं आहे, सगळेच काही लबाड नसतात.

2007 च्या सिरीजमध्ये हाताच्या मुद्रा आणल्या होत्या, आठ आण्यावर मूठ, रुपयावर अंगठा, दोनवर दोन बोटं. कल्पना गोड होती, अक्षर न येणाऱ्यालाही कळावं म्हणून, पण ती सुद्धा डोळ्याने बघायचीच गोष्ट. 2019 ला मात्र खरोखर डोकं लावून काम झालं हे मान्य केलं पाहिजे, राष्ट्रीय डिझाईन संस्थेला बरोबर घेतलं, दृष्टिहीनांसाठी म्हणून सिरीज काढली, किंमत वाढेल तसा आकार आणि वजन वाढत जातं, 20 मिमी, 23, 25, 27, आणि वीसचं नाणं बारा कडांचं. कागदावर एकदम सुंदर. फक्त कागदावर जुनी नाणी नसतात. नवीन पाच नाणी एकटीच फिरत असती तर त्यांचा एकमेकांशी फारसा झगडा नाही, पण ती फिरतात मागच्या तीस वर्षांच्या नाण्यांबरोबर आणि तिथे नव्या दोनच्या नाण्याचं माप जुन्या पाचचं आहे. शिवाय वीसचं नाणं दहाच्याच मापाचं का केलं हे मला आजवर समजलेलं नाही, एकाचं कडं पिवळं मधे पांढरं, दुसऱ्याचं कडं पांढरं मधे पिवळं, आणि त्या बारा कडा इतक्या बोथट आहेत की थंडीत बोटाला लागत सुद्धा नाहीत.

आता दहाच्या नाण्याकडे येतो कारण खरं दुखणं तिथे आहे. मी मुंबईला राहतो, महिन्यातून एकदा गावी जातो, आणि एसटीतून उतरलो की माझ्या खिशातली दहाची नाणी मेली. "हे इकडं चालत न्हाई." रिक्षावाला घेत नाही, चहावाला घेत नाही, भाजीवाली तर हात लावत नाही. त्याऐवजी जी दहाची नोट ती देते तिला मधे सेलोटेप, एका कोपऱ्याला हळद, आणि वास असा की खिशात ठेवताना विचार करावा लागतो. ती नोट चालते, नाणं चालत नाही! शहरातले लोक यावर हसतात, अफवा, अडाणीपणा, व्हॉट्सॲप वगैरे म्हणतात.

मला हसू येत नाही. दहाचं नाणं बाजारात आलं 2009 ला. जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावं लागलं की दहाच्या नाण्याचे 14 प्रकार आहेत आणि सगळे खरे आहेत. नऊ वर्षांत चौदा! काहींवर रुपयाचं चिन्ह आहे, काहींवर नाही. काहींवर पंधरा रेघा, काहींवर दहा. मग गावात कोणीतरी ठरवतं की दहा रेघांचं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं, त्यात 2016 ला दिल्लीत बनावट नाणी पाडणारे पकडले गेल्याची बातमी येते, आणि दिवसाला पाचशे रुपये गल्ला असणारी बाई ठरवते की आपल्याला ही भानगडच नको. तिला पंधरा रेघा मोजायला वेळ नाही. ज्या माणसाला एकाच किमतीचे चौदा चेहरे दाखवले तो संशय घेणारच, उलट न घेणाऱ्याचं मला नवल वाटेल. कायदा काय सांगतो तर एक हजार रुपयांपर्यंतची देणी तुम्ही रुपया आणि त्यावरच्या नाण्यांत देऊ शकता, आणि पन्नास पैसे अजून रद्द झालेले नाहीत, दहा रुपयांपर्यंत देता येतात. सांगून बघा कोणाला बाजारात.

हे चौदा प्रकार कुठून आले तर बहुतेक सगळे जयंत्या, शताब्द्या आणि संस्थांचे वर्धापनदिन. मोठ्या माणसांबद्दल आदर मलाही आहे पण तो दाखवायला चलनातलंच नाणं कशाला? स्मरणाची नाणी वेगळी पाडा, डबीत घालून विका, हौशी लोक चौपट पैसे देऊन घेतात. रोजच्या नाण्याचा चेहरा निदान पंचवीस वर्षं हलवू नका. शिवराई आठवा, तांब्याची, एका बाजूला श्री राजा शिव आणि दुसऱ्या बाजूला छत्रपति, महाराजांच्या नंतर पेशवाई आली गेली, पाडणारे बदलले, अक्षरं वेडीवाकडी झाली, तरी लोक तेच नाणं घेत राहिले, इंग्रज आल्यावरही कितीतरी वर्षं घेत होते. ओळखीचं होतं म्हणून.

काही जण म्हणतात की हे सगळं सोडा, ब्रिटनसारखं करा, जुनं बंद नवीन सुरू. त्यांनी पौंडाचं गोल नाणं बारा कोनी केलं आणि ऑक्टोबर 2017 मध्ये जुनं चलनातून काढून टाकलं, सहा-सात महिन्यांत विषय संपला. आपल्याकडे हे करू नये असं मला मनापासून वाटतं. गावातल्या म्हातारीच्या डब्यात, देवळाच्या पेटीत, पोरांच्या मातीच्या गल्ल्यात जे नाणं आहे ते अमुक तारखेनंतर चालणार नाही म्हणून सांगणं म्हणजे बँकेपासून लांब असलेल्या माणसाचा खिसा कापणं, आणि 2016 नंतर "चालणार नाही" हे शब्द ऐकले तरी लोकांच्या पोटात गोळा येतो. जुनी नाणी चालूच राहू देत, फक्त बँकेत जमा झालेलं जुनं 25 मिमीचं रुपयाचं नाणं परत काउंटरवरून बाहेर देऊ नका. आत आलं की आतच. तारीख नाही, रांग नाही, दहा-पंधरा वर्षांत आपोआप विरळ होतील.

आणि यूपीआय आहे की आता, हे तर ठरलेलंच उत्तर. मी पण वडापावचे पैसे स्कॅन करूनच देतो. रिझर्व्ह बँकेने तर 2023 मध्ये क्यूआर कोड स्कॅन केला की चिल्लर बाहेर टाकणारी मशिनं बारा शहरांत लावायची योजना जाहीर केली, म्हणजे यूपीआय असणाऱ्या माणसाला सुद्धा चिल्लर लागते हे त्यांनाही मान्य आहे. रुपयाचंच नाणं बंद करा म्हणणाऱ्यांनी लग्नसराईत एकदा स्टेशनरीच्या दुकानात उभं राहून अहेराची पाकिटं बघावीत, प्रत्येकावर रुपया चिकटवलेला, शंभर नाही एकशे एक, पाचशे नाही पाचशे एक. सव्वा रुपयाची दक्षिणा आपण आधीच घालवली, 30 जून 2011 ला चार आणे रद्द झाल्यावर सव्वा रुपया हा नाण्यांत देताच येत नाही, गुरुजी अकरा-एकवीसवर आले, त्यांची काही तक्रार नाही म्हणा.

वडील आता सत्तरीचे आहेत, दुकानात अजून बसतात, लोडशेडिंग कमी झालंय पण डोळे अधू झालेत म्हणजे अंधार तेवढाच. मागच्या खेपेला बघितलं तर गल्ल्याशेजारी एक स्टीलची वाटी होती, जुन्या 25 मिमीच्या रुपयांनी अर्धी भरलेली. विचारलं तर म्हणाले, ते मी कोणाला देत नाही, गिऱ्हाईक घरी जाऊन बघतं आणि दोनचं सांगून एकचं दिलं म्हणून भांडायला परत येतं. वाटी भरली की बँकेत नेऊन टाकतो.